‘ट्रायपॉड्स’ कादंबरीमालिका : तीन वाचने

१

जॉन ख्रिस्टोफर यांच्या ‘ट्रायपॉड्स’ मालिकेची गणना कुमारवाङ्मयात होते, आणि कुमारवाङ्मय हा आपल्याकडील विद्यापीठीय समीक्षेचा विषय क्वचितच ठरतो. ख्रिस्टोफर हे सॅम यूड (१९२२–२०१२) या इंग्रज लेखकाचे टोपणनाव. ‘द डेथ ऑफ ग्रास’ (१९५६) या प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीने हे नाव प्रथम प्रसिद्धीस आले. त्यानंतर सुमारे दशकभराने त्यांनी ‘द व्हाइट माउंटन्स’ (१९६७), ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ (१९६७) व ‘द पूल ऑफ फायर’ (१९६८) या तीन कादंबऱ्या किशोरांसाठी लिहिल्या, आणि पुढे वीस वर्षांनी ‘व्हेन द ट्रायपॉड्स केम’ (१९८८) ही पूर्वकथा त्यांना जोडली. मधल्या काळात, १९८४ व १९८५ साली, बीबीसीने पहिल्या दोन कादंबऱ्यांवर दूरचित्रवाणी-मालिका काढली. तिसरीचे चित्रण मात्र झाले नाही.

ही मालिका प्रस्तुत लेखिकेने तीन वेळा वाचली : प्रथम तेराव्या वर्षी, नंतर संशोधनाच्या काळात, आणि तिसऱ्यांदा अलीकडे, अध्यापनाच्या निमित्ताने. तिन्ही वेळा मनात उमटलेली भावना निराळी होती. एवढेच नव्हे, तर प्रत्येक वेळी ती आधीच्या भावनेच्या विरोधी होती. अशा अनुभवाचे स्पष्टीकरण सहसा असे दिले जाते की, मुलाला जी साहसकथा वाटते तीच प्रौढाला रूपककथा वाटते. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते सारा बदल वाचकाच्या पदरी टाकून मोकळे होते. संहिता जणू जागच्या जागी स्थिर असते आणि वाचकाचे वय तेवढे पुढे सरकते! या मालिकेपुरते तरी मला ते अपुरे वाटते. वाचकाच्या भावना बदलाव्यात अशी सामग्री या संहितेतच आहे. ती कोठे आहे आणि कोठे नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

कथानकाचा आवश्यक तेवढा भाग आधी सांगितला पाहिजे. परग्रहावरून आलेल्या ‘मास्टर्स’ नामक प्राण्यांनी पृथ्वी जिंकली, त्याला कित्येक पिढ्या लोटल्या आहेत. मोठी शहरे ओस पडली आहेत. उरलेली माणसे लहान खेड्यांतून मध्ययुगीन पद्धतीने राहतात. तीन पायांची प्रचंड यंत्रे, म्हणजेच ट्रायपॉड, भूमीवरून हिंडतात. प्रत्येक मुलाला चौदाव्या वर्षाच्या सुमारास असे एक यंत्र उचलून आत घेते आणि डोक्यात धातूची जाळी कायमची बसवून परत आणून सोडते. ही जाळी म्हणजे ‘कॅप’. ती बसली की बंडाचा विचारच मनात येत नाही. गावाच्या लेखी हा दिवस सणाचा असतो.

विल पार्कर हा इंग्लंडमधील एका गिरणीवाल्याचा मुलगा. वेड्याचे सोंग घेऊन हिंडणारा ऑझिमँडियास त्याला सांगतो की, दूर दक्षिणेकडील पांढऱ्या पर्वतांत, म्हणजे आल्प्समध्ये, स्वतंत्र माणसे राहतात. विल आपला चुलतभाऊ हेन्री याच्यासह पळून जातो. फ्रान्समध्ये त्यांना झाँ-पॉल भेटतो. पुढील दोन कादंबऱ्यांत शत्रूच्या नगरात गुलाम म्हणून प्रवेश, तेथून सुटका आणि शेवटी तिन्ही नगरांचा नाश, असा क्रम आहे.

मी हे पुस्तक प्रथम वाचले ते आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातील एका जीर्ण प्रतीत. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथांवर वाढलेल्या मुलीला ते इंग्रजीतही गोड लागले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते संपविले. त्या वाचनात मी सर्वस्वी विलच्या बाजूची होते आणि माझा सर्व राग एलोईजवर होता. वाटेत विल आजारी पडतो आणि फ्रान्समधील एका सरदाराच्या वाड्यात त्याची शुश्रूषा होते. त्या घरची मुलगी एलोईज त्याची मैत्रीण होते. ती नेहमी डोक्याला वस्त्र गुंडाळलेली असते. एकदा विल थट्टेने ते ओढतो आणि खाली कॅप दिसते. पुढे उत्सवात तिची राणी म्हणून निवड होते, आणि या मानामुळे आपण आता ट्रायपॉडांच्या नगरात सेवेसाठी जाणार, हे ती आनंदाने त्याला सांगते. हा आनंद मला त्या वयात अक्षम्य वाटला. माझ्या मते ती फितूर होती. ती मुलगी आहे आणि मीही मुलगी आहे, हा विचार मला शिवलाही नाही. विलच्या डोळ्यांनी पाहणे एवढे सोपे होते.

त्या वाचनातील आणखी एक लहानशी गोष्ट पुढील विवेचनासाठी नोंदविते. फ्रान्समध्ये ही मुले जुन्या रुळांवरून घोडे ओढीत असलेल्या गाडीतून जातात. तिचे नाव विल ‘श्मांड-फेर’ असे देतो. हा शब्द मला शब्दकोशात सापडला नाही. आपलाच शब्दकोश लहान आहे, अशी मी समजूत करून घेतली.

३

दुसरे वाचन संशोधक विद्यार्थिनी असताना झाले, आणि ते निराशेचे होते. लहानपणी प्रिय असलेल्या पुस्तकावर रागावण्यात एक प्रकारचे समाधान असते. ते मी पुरेपूर घेतले.

पहिला आक्षेप स्त्रीपात्रांविषयीचा. पर्वतातील बंडखोरांच्या साऱ्या कार्यात एकाही मुलीला वाटा नाही. मालिकेतील एकमेव लक्षात राहणारी तरुणी एलोईज. आणि दुसऱ्या कादंबरीत तिचे काय होते? नगरातील एका इमारतीत विलचा मास्टर त्याला कौतुकाने आपल्या जातीचा संग्रह दाखवितो. पृथ्वीवरील सुंदर मुली मारून, फुलपाखरे जतन करावीत तशा तेथे ठेवलेल्या आहेत. त्यांत एलोईज आहे. नायकाचा द्वेष धारदार व्हावा यासाठी लेखकाने तिचा जीव घेतला, असे मला वाटले.

दुसरा आक्षेप राजकीय होता. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) मधील मंगळवासीयांची युद्धयंत्रे तीन पायांची आहेत. ख्रिस्टोफर यांची यंत्रे त्याच कुळातली. परंतु वेल्स यांनी आपल्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली आहे. मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी आपण काय केले ते पाहा, असा तिचा रोख आहे. ख्रिस्टोफर यांच्याकडे अशी आठवण नाही. साम्राज्य ओसरत असताना लिहिलेल्या या इंग्रजी कादंबऱ्यांत जेत्यांचे वंशज स्वतःला जित कल्पून हळहळतात; आपल्या पूर्वजांनी कोणाकोणाच्या डोक्यावर काय बसविले, हे मात्र त्यांना स्मरत नाही, असा माझा निष्कर्ष होता. विद्यार्थी-परिसंवादात वाचलेल्या एका निबंधात मी ही मालिका तिच्या नायकाइतकीच संकुचित आहे असे विधान केले. ते विधान तेव्हा पुष्कळांना आवडले होते.

‘श्मांड-फेर’चा उलगडाही याच काळात झाला. फ्रेंच शिकू लागल्यावर लक्षात आले की, हा ‘शमँ द फेर’, म्हणजे आपल्या ‘लोहमार्ग’ या शब्दाशी अवयवशः जुळणारा सामान्य फ्रेंच शब्द. विलने तो ऐकू आला तसा इंग्रजी वर्णांत लिहून टाकला आहे. झाँ-पॉलचे ‘बीनपोल’ झाले तेही असेच : अपरिचित ध्वनींना परिचित शब्दाचे रूप द्यायचे आणि मुलगा उंच व किडकिडीत असल्याने ते रूप सार्थही ठरायचे. भाषाशास्त्रात आपण ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणतो तिचे हे नमुनेदार उदाहरण. मी गंमत म्हणून त्याची टिपणवहीत नोंद केली आणि पुढे गेले.

४

त्या नोंदीनेच मला तिसऱ्या वाचनाकडे आणले. लोकव्युत्पत्तीवरील एका व्याख्यानासाठी उदाहरण हवे होते, म्हणून मी पहिली कादंबरी पुन्हा उघडली. तेव्हा जाणवले की, ‘श्मांड-फेर’ हे केवळ गमतीचे उदाहरण नव्हे. या एका शब्दात निवेदक आणि लेखक यांच्यामधील अंतर उघड झाले आहे. विलला आपण काय लिहीत आहोत ते कळत नाही. लेखकाला कळते, आणि ज्या वाचकाला थोडे फ्रेंच येते त्यालाही कळावे अशी तजवीज त्याने केली आहे. निवेदकाला न दिसणारी वस्तू वाचकाला दाखविण्याचे साधन संहितेने येथे पुरविले आहे.

मग असे साधन आणखी कोठे आहे, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. तो मनात ठेवून वाचू लागल्यावर वाड्याचे प्रकरण मला निराळे दिसले. सरदारपत्नी विलला आपल्याच घरी राहण्याचे सुचविते. त्याला येथे प्रतिष्ठा मिळेल, एलोईजचा सहवास मिळेल; अट एकच, सर्वांप्रमाणे त्यालाही कॅप बसेल. हेन्री व बीनपोल पुढे निघून जातात. विल मागे राहतो, आणि येथेच राहण्याचे तो मनाशी जवळजवळ ठरवून टाकतो. तो वाडा सोडतो केव्हा? एलोईज आता आपल्याला मिळणार नाही हे कळल्यानंतर. त्याने स्वातंत्र्य निवडले हे खरे. पण ते दुसरी निवड हातची गेल्यावर. तिची निवड एका उत्सवात झाली नसती, तर विल पार्कर डोक्यावर जाळी घेऊन त्या वाड्यात सुखाने म्हातारा झाला असता.

हे सारे विल स्वतःच सांगतो. तो उतावीळ आहे, हेकेखोर आहे, हेन्री व बीनपोल यांच्या मैत्रीचा त्याला मत्सर वाटतो; आणि यांतले काहीही तो लपवीत नाही. पहिल्या वाचनात मी हे कबुलीजबाब ओलांडून पुढच्या पाठलागाकडे धावले होते. दुसऱ्या वाचनात ते माझ्या निष्कर्षाला गैरसोयीचे होते. वस्तुतः एलोईज आणि विल यांच्यात गुणांचे अंतर नाही. तिला कॅप आधी बसली, त्याला बसली नाही, एवढेच. जिला मी फितूर म्हटले होते तिच्या जागी विल असता तर तोही तितक्याच आनंदाने नगरात गेला असता. हे संहितेत स्पष्ट आहे. फक्त ते विलच्या तोंडून सिद्धांताच्या रूपात येत नाही.

नगरातील प्रकरणांतही हेच आढळते. विलचा सोबती फ्रिट्झ याला क्रूर मास्टर मिळतो. विलचा मास्टर मात्र त्याच्याशी मायेने वागतो, त्याला विश्वासात घेतो. याच विश्वासापोटी तो पृथ्वीचे वातावरण पालटून टाकण्याची योजना बोलून जातो. ते वातावरण मास्टर्सना मानवेल, आणि माणसांसह येथील जीवसृष्टी मरेल. संग्रहातील मुलीही तो दाखवितो त्या मायेनेच. क्रौर्यापेक्षा ही माया अधिक भयंकर आहे, हे कोणी सांगत नाही; फ्रिट्झचा मार आणि विलचे लाड शेजारी शेजारी ठेवले आहेत, तेवढ्यावरून ते कळते.

५

या दृष्टीने मालिकेतील तीन संज्ञांचा विचार उपयुक्त ठरेल. मराठी भाषांतराचा प्रयत्न करून पाहिला असता त्यांचे स्वरूप चांगले उघड होते.

‘कॅप’ हा इंग्रजीतील अगदी घरगुती शब्द आहे. शाळकरी मुलाच्या टोपीलाही तोच. कवटीत रुतलेल्या यंत्राला पराजित लोकांनी हे नाव दिले, यातच त्यांच्या पराजयाची पूर्णता दिसते. मराठीत ‘टोपी’ म्हणावे तर ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे हा वाक्प्रचार आड येतो. शिवाय ‘आज्ञापत्रा’सारख्या मराठेशाहीतील लेखनात युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटले आहे, त्याचे स्मरण होते. हे संबंध लेखकाच्या मनात असण्याचे कारण नाही आणि ते संहितेच्या माथी मारणे योग्य होणार नाही. मात्र त्यांनी एक काम केले. मूळ शब्दाच्या निरागसपणाकडे माझे लक्ष वेधले गेले ते या अडथळ्यामुळेच.

‘व्हेग्रंट’ म्हणजे कॅप बसविताना मेंदू बिघडून ज्याला वेड लागले असा मनुष्य. ‘भटक्या’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या आणि १९५२ साली त्या कलंकातून मुक्त झालेल्या जमातींचा इतिहास ज्या भाषेत ‘भटके-विमुक्त’ या शब्दाशी जोडलेला आहे, त्या भाषेत तो निष्काळजीपणे वापरता येत नाही. या अडचणीतूनही एक गोष्ट ध्यानात येते. हा समाज आपल्याच व्यवस्थेने मोडलेल्या माणसाला त्याच्या हिंडण्यावरून नाव देतो, मोडण्यावरून नाही. दोष माणसाच्या पायांत दाखविला की यंत्राकडे बोट जात नाही.

‘मास्टर’ हा शब्द सर्वांत अवघड. इंग्रजीत घरधनी, गुलामांचा मालक, निष्णात कारागीर आणि शिक्षक या सर्वांना तो चालतो. मराठीने हे अर्थ मालक, धनी, उस्ताद, गुरुजी अशा निरनिराळ्या शब्दांत वाटून घेतले, आणि मूळ शब्द उसना घेतला तो प्रामुख्याने शाळेपुरता : मास्तर. परिणामी मराठी वाचकाला तो शब्द अपुरा ऐकू येतो. परंतु इंग्रजी वाचक ज्या अर्थावरून सहज पुढे जाईल तो नेमका त्याच्या कानाला बोचतो. ज्याचा व्यवसायच मास्तरकीचा आहे त्याला तर अधिकच.

६

येथे एक प्रसंग नमूद करणे मला आवश्यक वाटते. पहिल्या कादंबरीच्या आरंभी विलचा मित्र जॅक आहे. तो विलहून थोडा मोठा. कॅप बसण्यापूर्वी त्याच्या मनात शंका असतात. तो त्या विलपाशी बोलून दाखवितो. कॅप बसल्यानंतर तो शांत, समंजस होतो. आधीच्या शंका पोरकट होत्या, वेळ आली की सारे नीट कळते, अशी त्याची आता खात्री झालेली असते. तो विलवर रागावत नाही, त्याला धमकी देत नाही. तो फक्त मोठा झालेला असतो.

तिसऱ्या वाचनात या पानावर मी थांबले. काही वर्षांपूर्वी अहिराणी घरभाषा असलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते की, बोलींना भाषेचा पूर्ण दर्जा आहे असे आपण वर्गात शिकवितो, तर अहिराणीवरील प्रबंधिका अहिराणीत का लिहू नये? मी हसले होते. असे प्रश्न या वयात पडतात, पुढे ते आपोआप सुटतात, असे उत्तर मी दिले होते. त्याने प्रबंधिका प्रमाण मराठीत लिहिली. ती चांगलीच झाली, आणि त्याचा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. प्रमाणभाषेच्या बाजूने देण्याजोगी कारणे आहेत, आणि ती मी देऊ शकले असते. मी कारण दिले नाही, वय सांगितले. ते जॅकचे उत्तर होते, आणि ते देताना माझ्याही मनात कोणताच वाईट हेतू नव्हता.

हा प्रसंग मी पश्चात्तापाच्या प्रदर्शनासाठी सांगत नाही. दुसऱ्या वाचनातील माझा राजकीय आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही. वेल्स यांचे भान ख्रिस्टोफर यांना नाही, हे मी आजही म्हणेन. परंतु त्या आक्षेपात मी स्वतःला आपोआप जितांच्या बाजूला उभे केले होते, आणि ती जागा मला वारशाने मिळाली आहे असे गृहीत धरले होते. मालिका ज्या पारतंत्र्याविषयी बोलते ते जेत्यांच्या शस्त्रांनी टिकलेले नाही. आई-बाप, शेजारी आणि मित्र यांच्या समजुतदारपणाने ते टिकले आहे. पूर्वकथेत लेखकाने याच सूत्राचे मूळ दाखविले आहे. तेथे शरणागतीचा आरंभ होतो तो एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या वेडातून. कलादृष्ट्या ती कादंबरी मला दुबळी वाटते, कारण पहिल्या तीन कादंबऱ्यांनी जे गृहीत धरून सोडले होते ते ती उलगडून सांगत बसते.

आता मालिकेच्या शेवटाविषयी. ‘द पूल ऑफ फायर’मध्ये शत्रूची दुबळी जागा मद्यात सापडते, हा योग फार सोयीचा आहे. तिसऱ्या नगरावर फुग्यांतून हल्ला होतो. घुमटाच्या उतारावरून बॉम्ब घरंगळू लागतात, तेव्हा हेन्री स्वतः उडी टाकून बॉम्ब धरून ठेवतो आणि मरतो. त्यानंतर मुक्त मानवांची परिषद भरते आणि ती राष्ट्राराष्ट्रांच्या भांडणात मोडते. तेराव्या वर्षी मला हा शेवट कंटाळवाणा वाटला होता. पुढे तो उपदेशपर वाटला. आज तो मला मालिकेतील सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. ज्या माणसांना कॅपने भांडू दिले नव्हते ती आता भांडू शकतात, आणि भांडतात. हेन्रीने प्राण दिले ते यासाठीही. लेखकाने विजयाची ही किंमत वाचकापासून लपविली नाही. विल व त्याचे दोन सोबती पुन्हा ऐक्याच्या कामाला लागण्याचे ठरवितात. ते यशस्वी होतील असे आश्वासन कोठेही नाही.

मग एलोईजचे काय? येथे माझा दुसऱ्या वाचनातील आक्षेप मी मागे घेत नाही, तो मर्यादित करते. वाड्यातील एलोईजला विल नीट पाहू शकत नाही, पण वाचकाला ती पाहता येईल अशी सामग्री संहितेत आहे. म्हणून ते अंधत्व निवेदकाचे. बंडखोरांत मुली का नाहीत, या प्रश्नावर मात्र संहितेत कोठेही एखादा ‘श्मांड-फेर’ सापडत नाही. ज्याच्या आधाराने वाचकाने निवेदकापलीकडे पाहावे असा एकही शब्द, एकही विसंगती तेथे नाही. ते अंधत्व लेखकाचे आणि त्याच्या काळाचे मानले पाहिजे. निवेदकाची मर्यादा आणि लेखकाची मर्यादा यांत फरक करण्यास ही कसोटी अन्य संहितांबाबतही उपयोगी पडेल असे वाटते. परिसंवादातील निबंधात मी या दोहोंची गल्लत केली होती, आणि ‘मालिका तिच्या नायकाइतकीच संकुचित आहे’ हे माझे विधान म्हणूनच चुकीचे होते.

मालिकेविषयीची माझी आजची भावना पहिल्या प्रेमाकडे परतलेली नाही. त्या प्रेमात मी एलोईजला दोषी ठरविले होते. आज पुस्तक मिटताना विलचा पराक्रम आठवत नाही. त्या वाड्यात तो जवळजवळ राहिलाच होता, हे आठवते. त्या विद्यार्थ्याला मात्र मी अद्याप पत्र लिहिलेले नाही. ते लिहीन तेव्हा त्याच्या प्रश्नाला वयाचे नव्हे, कारणाचे उत्तर द्यावे लागेल. आणि ते कारण मला वाटले होते तितके सोपे नाही.